मिरजेचे चाचा आणि भिंतीवरची अकरा वाद्यं

खर्ज | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मिरजेहून लिहितोय. आज दुपारी सतारमेकर गल्लीत जाऊन आलो आणि तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाहीये.

इथल्या पुष्कळ जणांनी आपला तंबोरा चाचांच्या हातून बोलता करून घेतला आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. पण माडीवर जाणारा अरुंद जिना, आढ्याला टांगलेले भोपळे, स्पिरिट आणि चपडी लाखेचा वास, आणि आत पाऊल टाकलं की "पट्टी कुठली?" (म्हणजे गळ्याचा सूर पेटीच्या कुठल्या पट्टीवर, काळी एक की पांढरी पाच) हा पहिला प्रश्न, एवढ्यावर ओळख पटेल. माणूस कुठला, काय करतो, हे सगळं नंतर. आधी पट्टी.

चाचा आता ८६ वर्षांचे आहेत. दीड महिन्यापासून अंथरुणावर आहेत. आता औषधांनी फार काही होणार नाही, घरीच ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. अंगात ताकद नाही, बोलणं तुटक झालंय, डाव्या कानाने ऐकू येत नाही. डोकं मात्र लख्ख आहे. माझा आवाज ऐकून डोळे न उघडता म्हणाले, "काळी एक."

माझ्या मनात आहे की त्यांचा जाहीर सत्कार करावा आणि लवकर करावा. मिरजेत नाट्यगृह मिळेल. शाल, श्रीफळ, मानपत्र, थैली. ज्यांच्या हातचे तंबोरे साठ वर्षं गायकाच्या मागे वाजले, त्यांना एकदा तरी पुढे बसवायला हवं. कोण कोण येईल? वर्गणी कशी जमवायची? लिहा.

पांढरी पाच | सोमवार, रात्री १०.१५

वाचून पोटात तुटलं. मी नक्की येईन.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने, तंबोरा बर्थवर झोपवून आणि मी रात्रभर शेजारी बसून. तक्रार अशी होती की तंबोरा भरत नाही, नुसता वाजतो. चाचांनी घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याला, हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाले, बस, आणि नुसता खर्ज (खालच्या षड्जाची जाड तार) छेड. मी छेडत राहिले. ते दुसऱ्या एका सतारीचे पडदे बांधत होते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग कधीतरी त्या एका तारेतून, षड्जाच्या वर तरंगणारा गंधार मला ऐकू आला. कुणीही न छेडलेला गंधार. मी थांबले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आला?" मी म्हटलं, आला. "मग आता जवारी करतो. तुला ऐकूच येत नव्हतं तर करून काय उपयोग?" जवारी म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा आवाज खुलवणं.

मला गाणं शिकवणारे गुरुजी वेगळे. पण ऐकायला मी मिरजेच्या त्या माडीवर शिकले.

गावभाग | सोमवार, रात्री ११.०५

सांगलीहून. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. आम्ही माडीवर धान्य नेलं, कागदपत्रं नेली, आईचा तंबोरा खाली राहिला. पाणी ओसरल्यावर तबली (भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी) एकीकडे, दांडी दुसरीकडे, भोपळा चिखलाने भरलेला. आईने टाकून द्या म्हणून सांगितलं आणि आत जाऊन बसली.

मी सगळे तुकडे चादरीत बांधून मिरजेला नेले. चाचांनी एकेक सांधा बोटाने चाचपला आणि त्यांचा चेहरा उजळला. "कुठे मोडला नाही. नुसता सुटलाय." जुन्या वाद्यांत सांधे सरसाने जोडलेले असतात. पाण्याने सरस विरघळतो, लाकूड फाटत नाही. हल्लीच्या गोंदाने जोडलेला असता तर लाकडाची सालपटं घेऊनच निघाला असता, असं ते म्हणाले. सावलीत वाळवायलाच दोन महिने गेले. उन्हात एक तासही ठेवू दिला नाही.

आई पुढे तीन वर्षं त्यावर गायली.

सत्काराला मी आहेच. वर्गणीही सांगा.

तळटीप | मंगळवार, सकाळी ७.३०

मन लावून विचार करून लिहितोय, कुणाला लागलं तर क्षमा असावी.

माझ्या वडिलांचा असा एक सत्कार झाला होता, शेवटच्या आजारपणात. सगळ्यांचा हेतू चांगला होता. त्यांना खुर्चीत बसवून मंचावर चढवलं. सात भाषणं झाली. वडिलांना कुशीवर वळायचं होतं आणि ते अडीच तास ताठ बसले, कारण समोर माणसं होती. घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत. त्या शालीची घडी आम्ही आजवर मोडलेली नाही.

तुम्ही लिहिलंय की चाचा अंथरुणावर आहेत. मग नाट्यगृह कुणासाठी? त्यांना एकदा विचारा तरी.

खर्ज | मंगळवार, सकाळी ८.१०

तळटीप, पटलं. आपण परस्पर ठरवत होतो. घरी निरोप देतो.

निषाद | मंगळवार, दुपारी १.२०

उत्तर येईपर्यंत नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू आहे. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. घराणं मुळात शिकलगारांचं, म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणाऱ्यांचं. संस्थानांच्या लढाया संपल्या, पोटासाठी दुसरं काम हवं होतं, आणि मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ये-जा होती. धातू घासणारा हात लाकडाकडे आणि हाडाकडे वळला. मला नेहमी वाटतं की जवारी ही धारेचीच पुढची पायरी आहे. कानस तीच, नजर तीच, फक्त आता कापायचं नाही, गायला लावायचं.

पुढे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. ते स्वतः वाद्यं उघडून दुरुस्त करत, जवारी काढत. १९३७ मध्ये ते गेले. त्यांची कबर इथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथे दर वर्षी गाणं होतं. ज्या गावात गवयालाच घोडी घासता येत होती, त्या गावच्या कारागिराचा कान कसा घडला असेल ते बघा.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण मानांकन वाद्याला मिळतं. जवारीचा कान असलेली माणसं गल्लीत आता किती, हे गल्लीतल्यांनाच विचारा.

कानस | मंगळवार, रात्री १०.३०

सर्वांना नमस्कार. मी चाचांची नात, त्यांच्या मुलीची मुलगी. माझ्यासाठी ते नाना. इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

नानांना हा धागा दोनदा वाचून दाखवला. सत्काराच्या भागाला ते गप्प होते. सांगलीच्या तंबोऱ्याचं आलं तेव्हा विचारलं, "त्याची खर्जाची खुंटी सरकायची. आता राहते का?" पांढरी पाच, तुमची गोष्ट ऐकून हसले. महालक्ष्मीची मुलगी, म्हणाले.

थैली नको. औषधाला पैसे आहेत, मामा आहेत, गल्ली आहे. शालही नको.

पण त्यांच्या जिवाला एक घोर आहे आणि तो तुम्हाला सांगायला त्यांनीच सांगितलंय. दुकानाच्या आतल्या भिंतीवर अकरा वाद्यं आहेत. लोकांनी दुरुस्तीला दिलेली, परत न नेलेली. काही पाच वर्षांची, काही चाळीस. नाना त्यांना अमानत म्हणतात. भोपळ्यांची धूळ आजवर ते स्वतः पुसायचे, मला पुसू देत नव्हते. आता रात्री झोप लागली नाही की मोजतात. "लोकांची अमानत भिंतीवर ठेवून मी जाऊ कसा?"

प्रत्येक वाद्याच्या खुंटीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय. नाना नाव-पत्ता लिहीत नाहीत, पट्टी लिहितात आणि त्या माणसाची एखादी खूण. "माणूस आला की ओळखेनच" असं म्हणायचे. आता माणूस आला नाही ही अडचण आहे. पुठ्ठ्यांवर जे आहे ते जसंच्या तसं देते.

पांढरी पाच, सोलापूर, बाई, लग्नानंतर नेते म्हणाल्या. काळी चार, जोडी आहे, कोल्हापूरचा क्लास, मास्तर खोकतात. सतार, रेल्वेचे साहेब, तरफेच्या तारा नव्या. काळी एक, पुणे, जुनं शिंग, शिष्य नेईल. लहान तंबोरी, मुलगी परदेशी. पांढरी दोन, बेळगाव, पान खाणारे. दिलरुबा, पडदे सैल. लहान सतार, परीक्षा झाल्यावर. वीणा, दिंडीची, वारीआधी. ही झाली दहा. अकराव्याच्या पुठ्ठ्यावर फक्त एवढंच आहे: भोपळ्याला तडा, मजुरी आली.

यातली कुठली कुणाची ओळखीची वाटली तर कृपा करून या. नानांना हे हवंय. दुसरं काही मागितलेलं नाही.

पांढरी पाच | मंगळवार, रात्री १०.५५

सोलापूरचा माझा नाही, पण सोलापुरात माझ्याबरोबर परीक्षेला बसलेल्या चार-पाच जणी आहेत. उद्या एकेकीला फोन करते.

तळटीप | मंगळवार, रात्री ११.१०

हा खरा सत्कार. मी वादक नाही, गायक नाही, पण माझ्याकडे गाडी आहे आणि वेळ आहे. कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, कुठेही वाद्य पोचवायचं असेल तर मी पोचवीन.

खर्ज | मंगळवार, रात्री ११.५०

"काळी एक, पुणे, जुनं शिंग, शिष्य नेईल."

तो शिष्य मी आहे.

माझ्या गुरुजींचा तंबोरा. त्यांनी शेवटच्या वर्षी मिरजेला पाठवला होता आणि मला म्हणाले होते, जवारी झाली की घेऊन ये. त्याच पावसाळ्यात गुरुजी गेले. मग माझी नोकरी बदलली, घर बदललं, फोनवर तानपुरा लावून रियाज करायची सवय लागली. मी चाचांना भेटायला वर्षातून एकदा जात होतो, पेढे नेत होतो, पाया पडत होतो. नऊ वर्षं त्यांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही. काल मी डोळ्यांसमोर उभा असताना ते "काळी एक" म्हणाले, आणि मला वाटलं माझा सूर ओळखला.

ते तंबोऱ्याबद्दल बोलत होते.

उद्या सकाळी येतोय.

कानस | बुधवार, दुपारी ३.००

खर्ज दादा सकाळी आले होते. नानांनी त्यांना रागावलं नाही. म्हणाले, "आज नको नेऊस. जवारी बसलीय. तशीच देऊन कशी चालेल?"

आता मुख्य गोष्ट. अकराही वाद्यांच्या जवाऱ्या पुन्हा काढायला हव्यात, वर्षानुवर्षं ती तशीच टांगलेली आहेत. नानांचे हात आता कानस धरू शकत नाहीत. त्यामुळे घासणार मी, ऐकणार ते. ते ज्याला "दे" म्हणतील तेच वाद्य घराबाहेर जाईल. रोज फार तर एक, दुपारी चार ते पाच. त्या वेळी ते जरा बरे असतात.

उजव्या कानानेही त्यांना बारीक आवाज लागत नाही. म्हणून तंबोरा पलंगाला टेकवतो, दांडी त्यांच्या कानामागच्या हाडाला लावतो आणि मी तार छेडते. लाकडातून थेट आत जातं. एक हात तबलीवर ठेवतात. आज पहिल्या तारेला म्हणाले, "नाकातून बोलतेय." मी दोन हात मारले कानसीचे. "अजून." एक हात मारला. "आता घशात आली. थांब."

कंपन | बुधवार, सायंकाळी ६.४५

मी इंजिनिअर, सतार शिकतो. कानस ताई, हे प्रत्यक्ष घडताना ध्वनिमुद्रित करता येईल का? मोबाईलवरचा व्हिडिओ म्हणत नाही मी. घोडीजवळ चांगला माइक ठेवून प्रत्येक घासणीआधी आणि नंतर चारही तारा एकदा छेडायच्या, आणि चाचा काय म्हणाले ते त्याच मुद्रणात.

तंबोऱ्याच्या तारेवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं आहे. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशाचा (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुराचा) स्थिरबिंदू येतो, तो स्वरांश नियमाप्रमाणे ऐकू यायला नको, पण तंबोऱ्यात आणि वीणेत तोही ऐकू येतो, कारण घोडीचा माथा वक्र आहे आणि तार त्याला सतत चाटत असते. इतकं कागदावर आहे. पण "नाकातून" म्हणजे नेमके कुठले स्वरांश जास्त आणि "घशात" म्हणजे कुठले, हे फक्त चाचांच्या डोक्यात आहे. शब्द आणि आवाज एकत्र साठवले तर पुढच्या कारागिराला त्यातून शिकता येईल. माइक मी आणतो, खर्च माझा.

निषाद | बुधवार, रात्री ८.००

कल्पना चांगली, पण माझी एक भीती आहे. शेवटच्या दिवसांत माणसाच्या खोलीत यंत्रं आणि तारा. घरच्यांना चालेल का ते आधी बघा.

कानस | बुधवार, रात्री ९.२०

नानांना विचारलं. म्हणाले, "मशीन बोलणार नाही ना? मग असू दे कोपऱ्यात."

कंपन दादा, या. पण एक सांगते. मी सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसले आणि पहिली तीन वर्षं मला फक्त सूत सरकवायला मिळालं. तार आणि घोडी यांच्यामध्ये जो सुती धागा असतो तो. तो केसभर पुढे, केसभर मागे. कुठे तार फुलते आणि कुठे मिटते ते ऐकायचं, घोडीला हात लावायचा नाही. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला मागून पुढे अगदी किंचित उतार असतो, आणि चारही तारांखाली तो वेगवेगळा असतो, कारण खर्ज पितळेचा, जाड; जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, पोलादाचा, बारीक. चार उतार निरनिराळे आणि आवाज मात्र एका घरातला आला पाहिजे. जास्त घासलं गेलं की परत भरता येत नाही. मग सगळा माथा खाली घ्यायचा आणि पहिल्यापासून.

मुद्रणात माझ्या चुकाही येतील. येऊ द्यात. चुकीनंतर ते काय म्हणतात तेच कामाचं असतं.

दूरचा किनारा | गुरुवार, पहाटे ४.१०

न्यू जर्सीहून. "लहान तंबोरी, मुलगी परदेशी." ती मुलगी मी.

वडिलांनी माझ्यासाठी बनवायला दिली होती, विमानात हातात नेता येईल एवढी. मी म्हटलं इथे मिळतात बाबा, कशाला. ते काही बोलले नाहीत. तयार झाली होती हे मला आज कळतंय. वडील आहेत, कऱ्हाडला असतात, ८१ वर्षांचे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "तू येशील तेव्हा आणू म्हणून ठेवली होती."

मी पुढच्या महिन्यात येत होते, तिकीट बदलून पुढच्या आठवड्यात येतेय. बाबांना घेऊन मिरजेला येईन.

इस्लामपूर | गुरुवार, सकाळी ९.००

वीणा आमच्या दिंडीची असणार! मागच्या वीणेकऱ्यांनी दिली होती, ते करोनात गेले, कुणाला सांगायचं राहून गेलं. आम्ही दुसरी घेतली. दिंडीतले जुने लोक म्हणायचे, मिरजेची वीणा गेली कुठे. खात्री करायला एक खूण सांगतो, दांडीच्या मागे तुळशीमाळेतला एक मणी बसवलेला आहे.

कानस | गुरुवार, सकाळी ९.२५

आहे. मणी आहे.

नाना म्हणाले, तिचा भोपळा पंढरपूरकडचाच, मी स्वतः शेतात जाऊन निवडला होता. तिला वारीला जाऊ द्या, सगळ्यात आधी ती करू. शनिवारी या.

गत झाला | गुरुवार, रात्री ११.३०

लहान सतार, परीक्षा झाल्यावर. दहावीची परीक्षा होती. मी आता चौतीस वर्षांचा आहे. मधल्या काळात सतार या शब्दाकडेही मी वळून पाहिलं नाही. बोटांना तारेचे घट्टे पडले होते ते केव्हाच गेले. येऊ का, असं विचारायचीही लाज वाटतेय.

कानस | शुक्रवार, सकाळी ८.००

या. नाना म्हणाले, "परीक्षा झाली म्हणायची."

पांढरी पाच | शुक्रवार, दुपारी २.१५

सोलापूरच्या बाई सापडल्या. आता ६८ वर्षांच्या आहेत, गाणं लग्नानंतर सुटलं. फोनवर बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग विचारलं, "अजून आहे?" सासरी तंबोरा ठेवायला जागा नाही म्हणून न्यायचा राहिला होता. आता घर त्यांचं आहे. सुनेला घेऊन येताहेत.

तळटीप | शनिवार, रात्री १०.००

आज मी तिथे होतो, म्हणून लिहितो.

दिंडीचे सात जण आले होते. जिना अरुंद, म्हणून एकेक करून वर आले. चाचांना उजव्या कुशीवर वळवलं होतं, पाठीला उशी. वीणा पलंगाला टेकवली. कानस ताईंनी तारा लावल्या, छेडल्या. चाचांनी डोळे मिटलेले. सूत सरकवायला सांगितलं, बोटाने हवेत दाखवून, मागे, अजून मागे. मग बोट थांबलं. "दे."

वीणेकरी तरुण आहे, पंचविशीचा. त्याने वीणा गळ्यात घातली आणि पलंगाच्या पायाशी डोकं टेकवलं. चाचांनी त्याच्या डोक्यावर नाही, वीणेच्या भोपळ्यावर हात ठेवला. दहा जण खोलीत होते आणि कुणी भाषण केलं नाही. खाली गल्लीत उतरल्यावर त्यांनी अभंग म्हटला, हळू आवाजात. खिडकी उघडी ठेवली होती.

माझ्या वडिलांच्या खोलीत त्या दिवशी असं व्हायला हवं होतं.

बेळगावकर | रविवार, सकाळी १०.४०

पांढरी दोन, पान खाणारे. माझे काका. त्यांच्या माघारी तंबोरा घरात दिसला नाही तेव्हा सगळ्यांनी धरून चाललं की त्यांनी तो विकला. अडचणीत होते, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. काकू अखेरपर्यंत म्हणायच्या, मला न सांगता विकला. काकू मागच्या वर्षी गेल्या.

एक वर्ष आधी हा धागा निघाला असता तर, एवढंच वाटतं. मंगळवारी येतो.

खर्ज | बुधवार, रात्री ९.००

आज गुरुजींचा तंबोरा झाला. कानस ताई लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितो.

त्याची घोडी सांबरशिंगाची आहे, फार जुनी. वन्यजीव कायद्यामुळे तशी शिंगं वापरणं बंद झालं, आता उंटाचं हाड किंवा शिसव असतं. शिंगाची ती घोडी इतक्या वेळा घासली गेलीय की माथा पातळ झालाय. चूक झाली तर दुसरी नाही. ताईंचा हात आधी थरथरत होता. चाचा म्हणाले, "पाणी पी." त्या पाणी पिऊन आल्या. मग म्हणाले, "मी ऐकतोय. तू घास."

पंचम पहिल्याच प्रयत्नात आला. जोडाच्या दोन तारा मिळेनात, एक खुली, एक बंद. अर्धा तास गेला. चाचा थकले होते, घरच्यांनी थांबायला सांगितलं, त्यांनी बोटाने नको म्हटलं. शेवटी दोन्ही एक झाल्या, इतक्या की कुठली वाजतेय ते कळेना. चाचांच्या डोळ्यांच्या कडेने पाणी आलं. "खर्ज मी नाही ऐकत," म्हणाले. "खर्ज तू ऐक आणि तू सांग."

ताईंनी खर्ज छेडला, सूत सरकवलं, पुन्हा छेडला. दोनदा घासला. बराच वेळ तारेकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "द्यायला हरकत नाही, नाना."

चाचांनी मला हाताने खूण केली, घेऊन जा.

कंपन यांच्या मुद्रणात हे सगळं आलंय. साठ वर्षांत पहिल्यांदा त्या माडीवरून एक तंबोरा दुसऱ्या कुणाच्या कानावर बाहेर पडला, हेही त्यात आलंय.

कानस | पुढचा रविवार, दुपारी १२.००

भिंतीवरून सात वाद्यं गेली. कोल्हापूरच्या जोडीचा पत्ता लागलाय, मास्तर नाहीत, त्यांचे विद्यार्थी उद्या येताहेत. न्यू जर्सीच्या ताई वडिलांना घेऊन काल येऊन गेल्या. वडिलांना जिना चढवेना, म्हणून तंबोरी आम्ही खाली आणली आणि गल्लीतच खुर्ची टाकून वाजवली. नानांनी वरून ऐकली. दिलरुबा एका शाळेच्या शिक्षिकेचा निघाला, त्या पत्र पाठवून म्हणाल्या की शिकणाऱ्या मुलाला द्या. नानांनी ते मान्य केलं, मालकाने सांगितलंय म्हणून.

रेल्वेच्या साहेबांची बदली कुठे झाली ते कुणाला माहीत असेल तर लिहा. पंचवीस वर्षांपूर्वी ते मिरज जंक्शनला होते, सतार डाव्या हाताने वाजवायचे. डाव्या हाताची सतार आहे, त्यामुळे ओळखायला सोपं जाईल.

नाना आता दिवसातला बराच वेळ झोपतात. जाग आली की पहिला प्रश्न, किती राहिली?

ज्यांनी वाद्यं नेली त्यांना निरोप आहे. पाऊस सुरू झालाय. खुंट्या फुगतील, जोर करू नका, खडू लावा. महिनाभर तरी रोज छेडा, नुसतं झाकून ठेवू नका. गाडीतून न्यायचं असेल तर तारा थोड्या उतरवा आणि भोपळा मांडीवर घ्या, डिकीत नाही.

गत झाला | पुढचा रविवार, रात्री ८.३०

रोज छेडतोय. बोटं दुखताहेत. चाचांना सांगा.

कानस | मंगळवार, रात्री ९.४५

सांगितलं.

आता शेवटचं. अकराव्या वाद्याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, आणि नानांना सगळ्यात जास्त घोर त्याचा आहे, कारण त्याचे पैसे आधी घेतलेत. काही जणांनी सुचवलं की ते एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्यावं. नाना नाही म्हणाले. मालकाने सांगितल्याशिवाय नाही. जवारी काल मी केली, नानांनी खर्जासकट चारही तारा ऐकल्या आणि "दे" म्हणाले, पण द्यायचं कुणाला? पुन्हा भिंतीवर टांगलंय, कोरं सूत घालून. दर आठवड्याला मी उतरवून छेडणार आहे.

वर्णन देते, शक्य तिथे पोचवा. मोठा तंबोरा, पुरुषाच्या पट्टीचा, तुणाचं लाकूड, गडद पॉलिश. गळ्याभोवती पानांची वेल कोरलीय आणि त्यातलं एक पान उलटं आहे, देठ वर. भोपळ्याला उजवीकडे वीतभर तडा होता, तो आतून कापड लावून बुजवलाय, बाहेरून दिसत नाही. खुंट्या शिसवाच्या, एक नवी.

दुकान सकाळी दहा ते सहा उघडं असतं, पुढेही असेल. पावती लागणार नाही. पट्टी सांगितली तरी चालेल. काही द्यायचं नाही, मजुरी पोचली आहे.